स्पिरिटचा बोळा

दवाखान्यात दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला जावेची व्हिडिओ कॅसेट आठवते. तिच्या वारलेल्या मुलाचा पहिला वाढदिवस तेवढ्या एका कॅसेटमध्ये होता. मोबाईलवर घेऊन देते, खर्च माझा, असं मीच तिला म्हटलं होतं. लालबागचा दुकानदार म्हणाला, “आजी, बुरशी धरलीय. साफ करायचे वेगळे पडतील.” मी म्हटलं, “पुसायचे कसले रे पैसे?” घरी आणून फीत बाहेर ओढली आणि स्पिरिटने घासून पुसली. बोळा तपकिरी झाला, फीत काचेसारखी आरपार, कोरी. जावेला सांगितलं, दुकानदाराने बिघडवली. अजून त्या दुकानासमोर आलो की ती म्हणते, “मेल्यानं माझं पोर पुसून टाकलं.” मी हो म्हणते आणि दुकानाकडे बघत नाही.