मुठीखालची आत्या

नोकरीत मोठमोठे तपास केले, त्यांतले बरेचसे आता धूसर झाले आहेत. एका फुटलेल्या कुकरचा तपास मात्र जसाच्या तसा आठवतो.

तेव्हा मी लखनौत निशातगंज भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयातून वर्दी आली, की बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या वसाहतीतली एक तरुण सून कुकर फुटून भाजली आहे. कुकर आमच्या हद्दीतल्या दुकानातून घेतलेला, म्हणून तपास माझ्याकडे आला. बाई मराठी, मीही मराठी. जबाब घ्यायला बसलो तर पहिलंच वाक्य, "साहेब, चूक माझीच. पाणी कमी घातलं असेल. सासूबाई म्हणतात, माझं लक्षच नसतं." सराईत चोरही इतक्या लवकर कबुली देत नाही. मला ते खटकलं.

दुकानदार गोडबोल्या. "नई बहू हैं, पानी कम डाला होगा, हुज़ूर. माल तो बिल्कुल नया था."

"बिल?"

"घर के ग्राहक से बिल का क्या तकल्लुफ़?"

परोपरीने विचारलं, पण पठ्ठ्या तसूभर हलला नाही.

मग पंचनाम्यात ताब्यात घेतलेला फुटका कुकर पुन्हा समोर घेतला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी साधा बोल्ट आवळलेला होता. हवालदाराला मूठ काढायला सांगितली. त्याने स्क्रू काढले आणि थबकला.

"साहब, ये आत्या कौन है?"

मुठीखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'आत्याकडून सप्रेम भेट', पुढे कुणा दुसऱ्याच नवरीचं नाव आणि आडनाव. लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची आपली खोड! लखनौतली मराठी घरं गणपतीला एकमेकांकडे जातात, त्यामुळे त्या आडनावाचं घर लगेच सापडलं. घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्याची वाफच धरत नव्हती. निशातगंजच्या दुकानात एक्सचेंजमध्ये दिला. भट्टी में जाएगा, म्हणाले होते दुकानवाले भैया."

मी कुकर दुकानदारासमोर ठेवला. अक्षरं पाहून तो आपल्या पॉलिशवाल्या कारागिरावरच चिडला. "उससे कहा था, सब घिसना. हैंडल के नीचे छोड़ दिया." मोडीतले कुकर पॉलिश करून, नवी मूठ लावून तो नवे म्हणून विकत होता. गुन्हा दाखल झाला, गोदामातला माल जप्त केला आणि बाजारात भोंगा लावलेली गाडी फिरवून विकलेले कुकर परत मागवले.

खराब माल विकणाऱ्याची खरी भिस्त व्हॉल्व्हवर नसते, गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देईल यावर असते, हे मी त्या तपासात शिकलो. तेव्हापासून अशा तक्रारीत आधी वस्तू तपासायची आणि माणसाला मागाहून विचारायचं, असा ठाण्यात नियम केला.

तपासात काय निघालं ते सांगायला रुग्णालयात गेलो.  ती बाई बँडेज बांधलेल्या हाताने मोबाइल माझ्याकडे सरकवत म्हणाली, "साहेब, हे सासूबाईंना तुम्हीच सांगाल का? माझं त्या ऐकणार नाहीत."