एक चहा, कप आणि बशी

बशीत चहा ओतला की तो दिवस आठवतो. बायको जाऊन महिना झाला होता आणि मुलगा आमचं इंग्लंडातलं वॉटफर्डचं घर आवरून मला मिल्टन कीन्सला, त्याच्या घरी न्यायला आला होता. चाळीस वर्षं आम्ही दोघांत एकच चहा प्यायलो, कपातला तिचा, बशीतला माझा. ती कपबशी खोक्यात टाकत तो म्हणाला, "बाबा, ही चॅरिटी शॉपला देऊ, जुन्या वस्तू दान घेतात ते." टेबलाशी त्याच्याबरोबर आलेली नात केमिस्ट्रीची रिव्हिजन करत होती. मी चौथी नापास, तरी विचारलं, "काय गं वाचतेस?" "आजोबा, मिठात सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. पाण्यात टाकलं की दोघं सुटे. साखरेत अ‍ॅटम्स इलेक्ट्रॉन शेअर करतात. म्हणून साखर पाण्यात विरघळून दिसेनाशी झाली, तरी तिचे अ‍ॅटम्स एकमेकांना सोडत नाहीत." मी उठलो, खोक्यातून कपबशी काढली आणि मुलाला म्हणालो, "ऐकलंस? तुझ्या आईचं नि माझं मिठाचं नव्हतं. मी इथून हलत नाही, जा." तो रागावून गेला. अजून दर रविवारी फोन करतो, "बाबा, कधी येताय?" मी म्हणतो, "चहा निवतोय, फोन ठेव," आणि तिच्या कपात चमचाभर साखर घालतो.