साच्यांच्या आवाजातले बुधवार

परवा बुधवारी सकाळी मुलुंडच्या बसथांब्यावर एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची असेल. गळ्यात दुर्बीण, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, मुठीत आईचं बोट. अंगावर गणवेश नव्हता, आणि साडेदहा तर वाजून गेले होते. शाळेच्या वेळेत शाळेबाहेर दिसणारं मूल आपल्याकडे सगळ्यांच्या मालकीचं असतं. येणारा-जाणारा त्याला हटकतो. थांब्यावरच्या एका आजोबांनी विचारलंच, "काय गं, शाळेला दांडी काय आज?" मुलगी आईच्या मागे सरकली आणि आई हसली. ते हसू मी लांबूनही ओळखलं. थोडं दिलगीर, थोडं हट्टी, आणि रोज वापरून गुळगुळीत झालेलं. ते हसू मीही पुष्कळ वर्षं हसले आहे. न राहवून मी तिला म्हटलं, "घरीच शिकवता ना? आमचीही घरीच शिकली." तिचा चेहरा एकदम उजळला. खाडीवर रोहित पक्षी बघायला निघाल्या होत्या त्या. घाईघाईने तिने विचारलं, "ताई, तुम्ही बाहेर किती वेळा न्यायचात हो? आठवड्यातून किती ट्रिपा पुरे होतात?" तेवढ्यात बस आली. माझं उत्तर तोंडातच राहिलं, आणि बरंच झालं म्हणायचं, कारण ते एवढ्या थोडक्यात सांगता येण्यासारखं नव्हतंच.

आमची मुलगी घरात भरपूर बोलायची. इतकी, की कधीकधी मीच कानावर हात ठेवायची. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की तिचा आवाज बंद. हजेरीला 'हजर' नाही, तहान लागली तर 'पाणी' नाही, पडून गुडघा फुटला तर 'आई गं'सुद्धा नाही. बाईंनी आधी लाडाने विचारून पाहिलं, मग बक्षिसं दाखवली, मग वर्गासमोर उभं केलं. दुसरीत असताना ती रोज सकाळी मोजे चढवताना ओकायला लागली, तेव्हा मी तिला शाळेतून काढलं. नवरा "बघू या" म्हणाला. त्याचं सगळं आयुष्यच 'बघू या' आहे. खरं न्यायालय घरात होतं, ते म्हणजे माझे सासरे.

सोळाव्या वर्षी मालवणाकडून मुंबईत आलेला हा माणूस. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, उभी हयात गेली. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका सोसायटीच्या फाटकावर रखवालदारी केली. स्वतः चौथीपुढे गेले नव्हते. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवलं, आणि आता सून नातीला भरल्या शाळेतून उठवते आहे! ते भांडले नाहीत. भांडले असते तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाले, "एक वरीस बघतंय. जूनात मियां सोता तिचो हात धरून शाळेत घालतलंय." ते बोलले म्हणजे करणार. मला एक वर्ष मिळालं होतं. तेवढ्यात मुलगी शिकते आहे हे दिसायला हवं होतं, आणि चारचौघांत बोलते आहे हे ऐकूही यायला हवं होतं.

घरचं शिकणं दिसत नाही हो. भाजी निवडता निवडता तिने तीनचा पाढा म्हटला, तो कुणाला दाखवणार? ट्रिप दिसते. तिचे फोटो निघतात. म्हणून मी ट्रिपांचा सपाटा लावला. आधी बुधवारची एक, मग दोन, मग आठवड्यातून चार-चार. टपालाच्या छाननीचं ऑफिस, कुर्ल्याची पावाची भट्टी, बोरिवलीच्या जंगलातली लेणी, अंधेरीचा छापखाना, भांडुपची खाडी. घरी शिकवणाऱ्या इतर आया कधी बरोबर असायच्या. त्यांची मुलं पोपटासारखी प्रश्न विचारायची, आणि मी आमच्या मुलीला पुढे ढकलायची. एक वही केली होती. तिच्यात तीन रकाने: काय पाहिलं, काय विचारलं, काय कळलं. घोडं पेंड खायचं ते मधल्या रकान्यात. अनोळखी माणसाला विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि ती बोलत नव्हती. मग तो रकाना मी भरू लागले. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, तिच्या नावावर माझे प्रश्न. आज लिहितानाही लाज वाटते. संध्याकाळी सासरे चष्मा लावून ती वही वाचायचे. "ह्यां बायन् इचारल्यान?" मी हो म्हणायची. ते वही मिटून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही चपला घालताना दारातून त्यांचा आवाज यायचा, "आज परत फिराक?"

एका बुधवारी आम्ही भांडुपच्या खाडीवर गेलो. समोर रोहित पक्ष्यांचा थवाच्या थवा उतरलेला, सगळ्यांची मुलं ओरडताहेत, आणि आमची बाई पक्ष्यांकडे पाठ करून चिखलातल्या एका बिळाशी उकिडवी बसलेली. बिळातून एक निवटी डोकं काढायची, हिला बघायची, पुन्हा आत. मासा तो, पण चिखलावर चालणारा. मी म्हटलं, चल. ती हलेना. मी म्हटलं, अगं, पक्षी उडून जातील. ती हलेना. पुढे मिठागर बघायचं होतं, फोटो काढायचे होते, बाकीचे निघाले होते. मी तिला दंडाला धरून उठवलं, जरा जोरातच. ती रडली नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावरही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जो आवाज निदान घरात होता, तोसुद्धा मी घालवला. त्यात मला ताप भरला आणि मी अंथरूण धरलं.

पुढच्या बुधवारी ती नेहमीच्या वेळी बूट घालून दाराशी उभी राहिली. नवरा कामावर गेलेला. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरची टोपी घातली आणि तिला घेऊन गेले. दुपारी परत आली दोघं. मी विचारलं, "कुठे नेलंत?" म्हणाले, "साचे बघूक." आमच्या घरामागच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. तिथे नाड्या आणि फिती विणणारे आठ-दहा जुने अरुंद साचे, म्हणजे माग, होते. त्यांच्या गिरणीतलाच एक सोबती तिथे कामाला होता. मला वाटलं, ठीक आहे, एक ठिकाण झालं. पण पुढच्या बुधवारीही ती दोघं तिथेच गेली. त्याच्या पुढच्याही. मला बरं वाटून महिना झाला, तिचा घरातला आवाजही परत आला, तरी बुधवार आजोबांचाच. शेवटी माझी जीभ सैल सुटलीच.

"बाबा, एकाच ठिकाणी किती वेळा जायचं? बघून झालं ना एकदा?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एका फेरयेत काय समाजता? साचो समजाक माका चार वर्सां लागली. पयलां वरीस तर मियां नुसते धागे सांधलंय."

"पण तिथे तिच्याशी बोलतं तरी का कुणी?"

"नाय," ते म्हणाले. "म्हणान तर नेतंय."

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. म्हणून पुढच्या बुधवारी मी मागोमाग गेले, आणि गाळ्याच्या दारातच थबकले. आवाज! पत्र्याखाली दहा साचे एकदम खडखडत होते. मी सासऱ्यांना काहीतरी म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि मग दिसलं की आत कुणीच बोलत नाही. सगळे हातांनी बोलत होते. दोन बोटं उभी, एक आडवी, मनगट फिरवलं, भुवई उडवली, की पलीकडच्या टोकाचा माणूस हसायचा. साचाखात्यातली माणसं अशीच बोलत आली, उभा जन्म. तिथे न बोलणं हा दोष नव्हता, ती तिथली रीतच होती. माझी मुलगी एका स्टुलावर उभी राहून त्या माणसांशी हातांनी गप्पा मारत होती. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारत होती, आणि तिला कुणी 'बोल, बोल' म्हणत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. जन्मात बालमानसशास्त्राचं पुस्तक न पाहिलेल्या त्या माणसाला जे कळलं, ते मला चौऐंशी ट्रिपांत कळलं नव्हतं. हो, चौऐंशी. वहीला नंबर घालायची मी.

तेवढ्यात वीज गेली. दहाही साचे एका क्षणात थांबले. आणि त्या अवचित शांततेत एकच आवाज उरला, चढलेला, खणखणीत, वाक्याच्या मधोमध सापडलेला. "... अहो काका, दोन नंबरचा धागा सुटलाय ना, बघा की!" तो माझ्या मुलीचा होता. म्हणजे ती बोलत होती. कितीतरी बुधवार, साच्यांच्या आवाजाखाली, कुणाला ऐकू जाणार नाही या भरवशावर ती त्या अनोळखी माणसांशी घसा ताणून बोलत होती. तीही दचकली आणि गप्पकन आजोबांच्या मागे लपली. मी पुढे धावणारच होते, पण सासऱ्यांनी मागे हात करून मला तळवा दाखवला: थांब. तो कारागीर तिच्याकडे वळलादेखील नाही. दोन नंबरच्या साच्यावर वाकला आणि म्हणाला, "बरोबर आहे बाय. सुटलाय." बस्स, एवढंच. वीज आली, साचे सुरू झाले. मी तोंडावर पदर धरून रडले. तिथे तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

जून आला. मी शाळेच्या बाहेरून दोनदा चक्कर मारून आले होते, मनाची तयारी म्हणून. सकाळी चहा पिता पिता सासरे म्हणाले, "ऱ्हवांदे. शाळेत घातलां तर बुधवार मोडतलो." त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. मी वही बंद केली. ट्रिपाही आपोआप कमी झाल्या. महिन्याला एखादी, कधी तीही नाही. पण बुधवार तसाच राहिला. हळूहळू ती दुकानात बोलू लागली, मग बसमध्ये, मग फोनवर. बोलकी नाही झाली. पण लागेल तेवढं बोलते, आणि तेवढं बस आहे.

ती बारा वर्षांची असताना सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आम्ही सगळे त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचो, जणू त्यांना ऐकूच येत नाही. ती एकटी त्यांच्या डाव्या हाताशी बसून बोटांनी बोलायची, आणि ते उत्तर द्यायचे. बुधवारी मात्र ती एकटी गाळ्यावर जाऊन यायची आणि आल्यावर त्यांना तोंडाने सगळं सांगायची. कुठला साचा चालू, कुठला बंद, कुणाच्या हातून नाडी बिघडली, कोण कुणावर चिडलं. तासभर. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच चुकलं तर बोट उचलायचे.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी दळण घेऊन त्या बाजूने येत होते, तर अख्ख्या वसाहतीला निळे पत्रे लागलेले. आत जेसीबी चालत होता. विचारलं तर कळलं, गाळे रिकामे होऊन तीन आठवडे झाले, इथे टॉवर व्हायचा आहे. त्या दिवशी बुधवारच होता. मी घरी पोचले तर ती आजोबांच्या उशाशी बसून सांगत होती, चार नंबरच्या साच्याची सुताची कांडी आज दोनदा संपली, काकांनी कसा तोंडातल्या तोंडात शिव्या घातल्या. मी दळणाचा डबा हातात घेऊन दारात उभी. मुलांनी खरं बोलावं म्हणून जिवाचा आटापिटा करणारी आई मी. पण हीच आई डाव्या हाताने खोटे प्रश्न लिहीत होती, हेही मला आठवत होतं. मी आत गेले आणि पीठ डब्यात भरलं.

माघात सासरे गेले. सगळं पार पडल्यावर, पाहुणे परतल्यावर, एका दुपारी मी तिला विचारलं, "गाळा तर बंद होता. दर बुधवारी तू जायचीस कुठे?"

"तिथेच. समोरच्या कट्ट्यावर बसायचे. आत आज काय काय झालं असतं, त्याचा विचार करायचे."

"आणि आजोबांना खोटंच सांगायचीस?"

"त्यांना माहीत होतं गं," ती म्हणाली. "दुसऱ्याच बुधवारी त्यांनी मला हाताने विचारलं, गाळा मोडला? मी मानेनेच हो म्हटलं. आणि मग त्यांनी अशी खूण केली." तिने डाव्या हाताचा तळवा पुढे धरला आणि संथपणे हवेत फिरवला.

"म्हणजे?"

"चालू ठेव."

आमच्या खिडकीतून आता तो टॉवर दिसतो. या शहरात बंद पडलेल्या साच्यांची मोजदाद कुणाजवळ नाही, आणि असून तरी काय करायचं. पण गाळा पाडून झाल्यावरही ते दहा साचे माघापर्यंतच्या प्रत्येक बुधवारी तासभर आमच्या घरात चालत होते. ते चालवणारी माणसं दोनच होती, आणि मी शेजारच्या खोलीत कणीक मळत होते.