स्वस्थ बसण्याचा कार्यक्रम

विश्रांतीइतकी दमवणारी गोष्ट जगात दुसरी नाही, हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी शिकवलं. जपानात कावासाकीला येण्याआधी ते बरीच वर्षं केनियात होते आणि मनाने अजून तिथेच असत. गाडी वेळेवर आली की हळहळत, ‘केनियात गाडी आली की आनंद तरी व्हायचा!’ भूकंपाचा हलका धक्का बसला की जिन्यात उभे राहून सांगत, ‘आमच्याकडे हत्ती जवळून गेला की अस्संच.’ नैरोबीच्या ऑफिसाजवळून हत्ती कशाला जाईल, हे विचारायचं धैर्य कुणाला नव्हतं. पण सगळ्या गोष्टी शेवटी लिमुरूला पोचत. लिमुरूच्या डोंगरात, चहाच्या मळ्यात, मित्रांबरोबर घालवलेली एक सुट्टी. व्हरांडा, समोर डोंगर, हातात चहा, आणि कुणीही काहीही करत नाही. मित्र कधी चार असत, कधी सहा. व्हरांडा मात्र दर वेळी थोडा लांबत जाई.

सत्त्याण्णवच्या शरदात त्यांचं कंत्राट संपलं. कायमचं पुण्याला जायचं होतं, आणि त्याआधी एकदा तरी तसंच मित्रांबरोबर स्वस्थ बसायचं, हा त्यांचा ध्यास. मित्र म्हणजे मी आणि माझी बायको. दुसरे कुणी मिळाले नसावेत.

नागानोच्या डोंगरातल्या एका घरगुती सराईत ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आम्हाला घेऊन गेले. जपानी सराईत खुर्च्या नसतात म्हणून चार घडीच्या खुर्च्या गाडीतून सोबत नेल्या. मालकीणबाईंनी उत्साहाने नकाशा पसरला. देऊळ, धबधबा, गरम पाण्यात बसणारी माकडं. गृहस्थ आपल्या जपानीत म्हणाले, ‘नको. बसणार.’ बाईंनी पुन्हा विचारलं, ‘देऊळ?’ ‘बसणार.’ बाई वाकून नमस्कार करून गेल्या, पण चेहऱ्यावर काळजी होती. मग पांघरुणं गुंडाळून आम्ही मागच्या ओसरीवर एका ढगासमोर बसलो. ढगामागे डोंगर आहे, असं नकाशात होतं.

‘बोलू नका,’ गृहस्थ म्हणाले. ‘विश्रांती चाललीय.’

‘संपते कधी?’ माझ्या बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशीही ढग, खुर्च्या आणि आम्ही जागच्या जागी होतो. संध्याकाळी इतर पाहुण्यांपुढे मासे आणि डझनभर वाट्या आल्या. आमच्यापुढे झाकण घातलेले चार वाडगे. आत वाफाळता पातळ भात आणि वर एक खारवलेलं आलुबुखार. मालकीणबाई गुडघे टेकून अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

सुपरमार्केटमध्ये काम करून माझ्या बायकोचं जपानी आमच्या सगळ्यांपेक्षा बरं होतं. ती म्हणाली, ‘ही आजाऱ्याला देतात ती पेज आहे. दोन दिवस नुसते बसलोय ना. आपल्यातलं आजारी कोण, विचारतायत.’

गृहस्थांनी एक घास घेतला. ‘अहो, हा तर मऊ भात!’ म्हणत वाडगा संपवला आणि आणखी मागितला. आजाऱ्याला इतकी भूक कशी, याने बाई अधिकच गोंधळल्या.

‘लिमुरूलाही पाऊसच होता,’ वहिनी शांतपणे म्हणाल्या. ‘आणि हे ऑफिसला फोन करायला गावभर फोन शोधत हिंडत होते. बसले असतील तर एक दिवस.’

आम्ही गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी नाकारलं नाही. ‘एक दिवस बसलो ना पण,’ एवढंच म्हणाले.

दोनेक वर्षांनी पुण्यात त्यांच्याकडे गेलो. गच्चीवर शेजारी जमले होते, त्याच घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ‘आमच्या नागानोला,’ गृहस्थ सांगत होते, ‘लांबलचक ओसरी, समोर बर्फाचं शिखर, हातात चहा, आम्ही सहा मित्र, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. हे बघा, त्यातलेच एक आले!’

‘खरंच शिखर दिसायचं?’ एका शेजाऱ्याने मला विचारलं.

गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी आठवून पाहिलं, तर तो ढग काही केल्या आठवेना.

‘अगदी स्वच्छ,’ मी म्हणालो, आणि रिकाम्या खुर्चीत बसलो.