उडवलेली लॉकफाइल
गवती चहाचा वास आला की मला नाशिकरोडचं आमचं जुनं ऑफिस आठवतं. पेठहून आलेली नवी सहकारी घरचा गवती चहा आणायची. आम्ही कांद्याच्या भावांची साइट सांभाळायचो. साइटला लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी लॉकफाइल मी एकदा कटकट नको म्हणून उडवली. “नका ना सर, सगळं बदलेल,” ती म्हणाली होती. तसंच झालं. पुन्हा इन्स्टॉल करताना नव्या आवृत्त्या आल्या आणि ऐन लिलावाच्या वेळी भावांचं पान कोरं पडलं. नवीन म्हणून साहेबांनी तिलाच झापलं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. बदलांच्या नोंदीत माझं नाव होतं. तिने ते पाहिलंही, पण साहेबांना दाखवलं नाही. दुपारी नेहमीसारखा माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी तो प्यालो. महिनाभरात ती नोकरी सोडून गेली. आता नव्या मुलांना मीच दरडावतो, लॉकफाइलला हात लावायचा नाही. हे मला कोणी सांगितलं होतं, ते मात्र सांगत नाही.