विष्णूच्या आयडिया आणि माझं फ्लेक्सचं दुकान

फ्लेक्सचं दुकान टाकलं की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते गिऱ्हाईकाच्या मागोमाग आपल्या पायानं दुकानात येतात. तेलगावच्या चौकात माझं दुकान आहे. आसपास कुणाच्या डोक्यात नवा धंदा आला की तो माणूस आधी माझ्याकडं येतो, कारण आमच्याकडं धंदा मागून सुरू होतो, बोर्ड आधी लागतो.

धंदा बुडाला की तोच बोर्ड गुंडाळून माझ्याकडं परत येतो. मी तो फेकत नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं मागून नेतात. साखर कारखान्यावर राहायला उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, उभी केली की वर टाकायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. आमच्या भागातले कितीतरी नवे धंदे असे शेवटी कुणाच्या तरी कोपीवर जाऊन पडलेत.

माझ्या शेजारी सलीमभाईचं पंक्चरचं दुकान. तिथल्या बाकड्यावर आमची बैठक. बैठकीतला तिसरा विष्णू, जवळच्या वाडीचा, बारावी पास. लग्न झाल्यापासून दर साल बायकोला घेऊन ऊस तोडायला जायचा. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. विष्णूला ही जोडी मोडायची होती.

"सुनीताच्या हातातला कोयता काढायचा हाय," तो म्हणायचा. "मग माझं काय बी होऊ दे."

त्यासाठी त्याच्या आयडिया. एक बुडाली की दुसरी.

*

आता आधी सलीमभाईची एक सांगतो, म्हणजे आमची बैठक कशी होती ते कळेल.

एका गावच्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता. मोठा बोर्ड केला, पुढारी हात जोडून हसतोय, खाली कार्यकर्त्यांची तोंडं. बोर्ड लागला आणि आठवडाभरात पुढारी हार्ट अटॅकनं गेला. कार्यकर्ते पळत दुकानात आले. दुसरा फोटो कुणाकडं नाही, वेळही नाही.

सलीमभाई टायर सोडून आत आला नि म्हणाला, "कावून घाबरता बे? फोटो भी वही, हात जोडेले भी वही. फकत वरची लाईन बदला."

बदलली. 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. गावानं बोर्ड पाहून डोळे पुसले. पुढारी मात्र तसाच हसत होता, आणि खालचे कार्यकर्तेही.

त्या दिवशी विष्णू म्हणाला, "बालाजी, जित्या माणसाला बोर्ड एकदा लागंल, न लागंल. मेलेल्याला लागतोच." त्याच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी जाऊन बसलं असणार.

*

एकदा तालुक्याला उद्योजकता शिबिर झालं. पुण्याहून एक ट्रेनर आले होते. बोर्ड माझाच, म्हणून मीही जाऊन बसलो. विष्णू पहिल्या रांगेत.

ट्रेनर म्हणाले, "चौकटीबाहेरचा विचार करा. गावात काय कमी आहे ते शोधा. जे कमी आहे, तोच तुमचा बिझनेस!"

सगळ्यांनी एकसाथ सांगितलं, "पाणी."

ट्रेनर खूश. पुढच्या महिन्यात शिबिराला आलेला जो तो माझ्या दुकानात. सगळ्यांना एकच बोर्ड हवा, थंडगार शुद्ध पाण्याचे जार. मी सगळ्यांना एकच धबधबा छापून दिला, नुसती नावं बदलली. उन्हाळ्यात बोअर आटले आणि सगळे धबधबे एकदमच परत आले.

विष्णूचं उत्तर मात्र वेगळं होतं. ट्रेनरनी त्याला उभं करून विचारलं, "तुमच्या गावात काय कमी आहे?"

विष्णू म्हणाला, "माणसं. दिवाळी झाली की गावात माणूसच राहत न्हाई."

हॉल हसला. ट्रेनरही हसले आणि म्हणाले, "ते आपल्या हातात नाही. बसा."

*

हे ज्यानं भर सभेत सांगितलं, त्यानंच पुढं काय करावं! बायकोसाठी ब्युटी पार्लर काढलं आणि उद्घाटन धरलं पाडव्याला.

सुनीतानं बीडला राहून कोर्स केला होता. हात चांगला होता तिचा. मुहूर्त म्हणून दिवाळीचा पाडवा साधला, आणि भाऊबीज उरकली की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक वाडीत लागले. ज्यांच्या भुवया कोरायच्या त्या सगळ्या बाया भांडीकुंडी घेऊन ट्रकात. मागं राहिल्या म्हाताऱ्या नि त्यांच्या हवाली केलेली पोरं.

बोर्डासाठी सुनीता स्वतः दुकानात आली होती. मी इंटरनेटवरची एक नटवी बाई लावली होती, मोकळ्या केसांची.

"भाऊजी, ही कोण?"

"आहे कुणीतरी. वहिनी, तुमचाच फोटो लावू का?"

"माझा नगं," ती हसून म्हणाली, "मला बघून आलेलं गिऱ्हाईक माघारी जाईल." मी गंमत म्हणून मोबाईल वर धरला तर तिनं चटकन पंजा तोंडापुढं आणला. तिची सवयच होती ती. हसायची भरपूर, पण फोटो म्हटलं की पंजा.

पार्लर पोळ्यापर्यंत चाललं, म्हणजे उघडं राहिलं. सुनीतानं त्या दिवसांत म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं, पोरांच्या उवा काढल्या. त्याचे पैसे मागावेत असं दोघांच्याही मनात आलं नाही. मग बोर्ड माझ्याकडं परत आला. नटवी बाई मी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

*

पुढच्या सालची आयडिया मला आजही भारी वाटते. विष्णूला कोणत्याच कंपनीनं नोकरीला कसं ठेवलं नाही, कळत नाही.

गावातली म्हातारी माणसं एकटी. पोरं कारखान्यावर. म्हाताऱ्यांना मोबाईल चालवता येत नाही. विष्णूनं ठरवलं, आपण घरोघर जायचं, आई-बापाला मोबाईलसमोर बसवायचं आणि कारखान्यावर व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. लेकानं थोडे पैसे पाठवायचे. मी बोर्ड केला, 'माय-बाप दर्शन सेवा'. माझ्याकडून फुकट.

पहिल्या आठवड्यात धो धो फोन. नवराबायको त्याही साली गावातच राहिले. विष्णू बाकड्यावर बसून म्हणायचा, "सुटलो बे बालाजी!"

मग एकेकाचं बंद व्हायला लागलं. एकाचा तर माझ्यासमोर फोन आला. लाऊडस्पीकरवर होता.

"विष्णूभाऊ, सर्व्हिस तुजी लई चांगली हाय. पन उद्यापून लावू नको."

"कावून रे? दिसत न्हाई का नीट?"

"दिसतंय की. तेच तर. माय रडती, मंग मला दिसभर कोयता चालवू वाटत न्हाई. मुकादम शिव्या देतो." शेवटी तो म्हणाला, "न्हाई दिसली तर बरं असतं भाऊ."

इतकी चाललेली सर्व्हिस चालली म्हणूनच बंद पडल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. सलीमभाईनं विष्णूला चहा पाजला.

*

त्याच सीझनला वाडीतला एक म्हातारा गेला. त्याचा पोरगा कारखान्यावरून आला तो थेट माझ्या दुकानात, हातात बापाचं आधार कार्ड. दुसरा फोटो नव्हता. आधारवरचा म्हातारा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसत होता. मी मोठा केला तसा आणखीच भेदरलेला दिसायला लागला. पोरगा बोर्डाकडं बघून म्हणाला, "हा माझा बाप न्हाई."

विष्णू तिथंच बसलेला. उन्हाळा सरला तसा तो कॅमेरा घेऊन आला, कुणाकडून तरी जुना. आयडिया अशी, की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे झकास फोटो आताच काढून ठेवायचे. ते माझ्या कॉम्प्युटरात राहतील. वेळ आली की घरच्यांनी विकत घ्यायचे.

वाडीत पहिल्याच दिवशी काशीबाईनं काठी उगारली. "मुडद्या, मला मारायला निगाला का रं?"

तिला वळवली सुनीतानं. "आगं काशीआत्या, मरायला कोण सांगतंय? दिसायला झक्कास दिसशील, एवढंच. माजी लग्नातली साडी नेस." पोपटी साडी, लाल काठाची. काशीबाई ती नेसून स्टुलावर बसली आणि तिची ऐट बघून बाकीच्या म्हाताऱ्याही आल्या. सगळ्यांनी तीच साडी नेसली. आजही त्या वाडीतली कुणी म्हातारी गेली, की बोर्डावर पोपटी साडीतच असते.

मागं पडदा म्हणून पांढरी चादर. ती बांधायला काही नव्हतं, म्हणून सुनीता चादरीमागं उभी राहून दोन्ही हातांनी ती वर धरायची आणि तिथून सूचना द्यायची, "आत्या, पदर नीट घे. हात मांडीवर. समोर बघ, डोळं मिटू नको." ती स्वतः दिसायची नाही. दिसायची ती चादरीच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर धरलेली बोटं आणि हिरव्या बांगड्यांची कड.

फोटो माझ्याकडं आले की माझं पहिलं काम ती बोटं कापायचं. सगळ्या फोटोंतली कापली.

*

आणि मग काय झालं असेल? कुणी मेलंच नाही.

पावसाळा गेला, दसरा गेला. म्हातारी मंडळी ठणठणीत. विष्णू दिसला की दारं लावून घ्यायची. सुनीता दुकानात येऊन आम्हाला सांगायची, "ह्यांला आता कुणी च्याला बी बोलवंना. काशीआत्या म्हणती, तुजा नवरा माज्याकडं लई वळून बघतो." आम्ही पोट धरून हसलो. विष्णूही हसला, पण हसता हसता भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. दिवाळी तोंडावर होती.

दिवाळी झाली नि विष्णू जुना फ्लेक्स मागायला आला. सोबत सुनीता. कोपऱ्यातली नटवी बाई तिनंच बाहेर काढली. 'सुनीता ब्युटी पार्लर'.

मी म्हणालो, "वहिनी, कोपीवर टाकताना छापील बाजू वर करा, पाणी निथळून जातं."

"नगं," ती म्हणाली, "आतल्या बाजूनं करू. झोपल्यावर पार्लर दिसंल."

विष्णू फ्लेक्स गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. "ह्या साली शेवटचं," तेवढं म्हणाला.

*

फेब्रुवारीत सलीमभाईला फोन आला. ट्रक भरताना डोक्यावर उसाची मोळी घेऊन सुनीता फळीवरून चढत होती. पाय सटकला. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

चौथ्या दिवशी विष्णू दुकानात आला. बोर्ड करायचा होता. त्यानं आधार कार्ड काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं. लग्नाचा अल्बम आणला होता, त्यात मुंडावळ्यांच्या आड खाली घातलेली मान. मोबाईलमध्ये होते ते सगळे फोटो पंजाचे.

"म्हाताऱ्यांचे काढ," तो म्हणाला.

मी फोल्डर उघडलं. कापलेले नाहीत, मूळचे. तो एकेक पुढं करायला सांगत होता. काशीबाई, तिची जाऊ, मग बाकीच्या म्हाताऱ्या. शेवटी अगदी पहिल्या फोटोवर आलो. उजेड बघायला म्हणून काढलेला होता तो. रिकामं स्टूल, मागं पांढरी चादर, वर दोन्ही कोपऱ्यांवर बोटं.

"हा."

"विष्णू, यात कुणी न्हाई रे."

"बोटं कापू नको," तो म्हणाला.

मी कापली नाहीत. वरची ओळ टाकली, खाली तिचं नाव टाकलं.

बोर्ड आम्ही वाडीतल्या शाळेच्या भिंतीला लावला. सलीमभाई शिडीवर, मी खाली. गाव रिकामं होतं, फक्त म्हातारी माणसं आली. काही जण बोर्ड बघून विचारत होते, फोटो छापायचा राहिला का.

काशीबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं आली. बोर्डाकडं बघत राहिली. मग त्या दिवशी स्टुलावर बसली होती तशीच, बोर्डाकडं पाठ करून खाली जमिनीवर बसली. पदर नीट घेतला. हात मांडीवर ठेवले. आणि डोळे न मिटता समोर बघत राहिली.

समोर रस्ता होता. रस्त्यावर कुणी नव्हतं.