‘असे’च्या पुढचं पान

आमच्या चर्चच्या मंडळीत बुधवारचा बायबलचा शास्त्राभ्यास एक निवृत्त हेडक्लार्क घेतात. सगळे त्यांना साहेब म्हणतात, म्हणून मीही साहेबच म्हणते. पाळकांना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, बुधवारी कुंभारी-वळसंगकडच्या खेड्यांत घरोघरच्या प्रार्थना असतात, त्यामुळे साहेबांना रान मोकळं मिळतं. त्यांच्याकडे रेक्झिनची एक बॅग आहे आणि बॅगेत एक जाडजूड टीकाग्रंथ. इंग्रजीतून मराठीत आणलेला, आणि आणताना मराठीचे हातपाय मोडलेला. बॅग टेबलावर ठेवताना ते मुद्दाम धप्पकन आवाज करतात.

शास्त्रावरची टीका म्हणजे शास्त्राला नावं ठेवणं नव्हे, अर्थ उलगडून सांगणं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समजावलं. त्यानंतर त्यांनी कशाचाच अर्थ उलगडला नाही. ‘टीकाकार म्हणतात’ एवढं म्हणायचं आणि वाचत सुटायचं. मी एकदा विचारलं, “कुठले टीकाकार, साहेब?” तर म्हणाले, “मोठे आहेत, बाई.” यावर मागच्या बाकांवरून माना डोलल्या. मोठे आहेत म्हटल्यावर आणखी काय पाहिजे!

मी शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या घरीही असे ग्रंथ आहेत. त्यांच्याशी माझं वैर नाही. दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ शहरातली ख्रिस्ती माणसं एकत्र जेवायला कशी बसायची, हे मला सोलापुरात बसून कोण सांगणार? पण टीकाकार हाही माणूसच. त्याला कुठे खरोखर ठाऊक आहे, कुठे तो अंदाज बांधतोय आणि कुठे दुसऱ्याचं मत खोडण्याआधी ते मांडून दाखवतोय, एवढं ओळखून वाचावं लागतं. साहेब मात्र मंत्रालयातून आलेला जीआर वाचावा तसे वाचतात. खाली सही शिक्का असला की झालं.

माझी आई माझ्याकडेच राहते. तिला कंपवात आहे. हात सारखे थरथरतात, भाकरी मोडता मोडता तुकडा ताटाबाहेर जातो. पण बुधवार ती चुकवत नाही. एका बुधवारी शाळेत मीटिंग होती म्हणून मी गेले नाही, ती शेजारणीबरोबर गेली. विषय होता प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याचा. भाकर आणि प्याला अयोग्य रीतीने घेऊ नका असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रातून बजावलं आहे, आणि तुमच्यातले पुष्कळ जण आजारी आहेत ते याचमुळे, असंही म्हटलं आहे. साहेबांनी त्यावर ग्रंथातल्या एका पानाची झेरॉक्स सगळ्यांना वाटली आणि ती मोठ्यानं वाचून दाखवली.

घरी आल्यावर आईनं ती झेरॉक्स घडी करून आपल्या पवित्र शास्त्रात ठेवली. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं तबक आमच्या बाकापर्यंत आलं, तेव्हा तिनं हात पदराखाली घेतले आणि मान हलवली. मला वाटलं, सांडायच्या भीतीनं करते आहे. घरी येऊन विचारलं.

“मी आता न्हाय घेणार,” ती म्हणाली. “माजे हात बगतीस न्हवं? सायबांनी सांगितलं की, आजार कशानं येतो ते. माज्याकडनं कायतरी घडलं आसंल.”

“काय घडलंय तुझ्याकडनं?”

“त्येच आटवत न्हाय की.”

मग ती आठवायला बसली. जन्मभर दुसऱ्यांची भांडी, धुणी आणि आजारपणं निस्तरलेली बाई दुपारभर पलंगावर बसून स्वतःचं पाप शोधायला लागली. सापडलं नाही, म्हणून तिनं वळसंगला नणंदेला फोन लावला आणि कुठल्या तरी जुन्या लुगड्यावरून झालेल्या भांडणाची क्षमा मागितली. नणंदेला ते भांडणच आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर आईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरतच होते.

तिच्या पवित्र शास्त्रातून मी ती झेरॉक्स काढली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘आजारी मनुष्य हा अयोग्य रीतीने भोजन घेत असल्यामुळेच आजारी पडतो, असे’. संपलं पान. मराठी वाक्य ‘असे’वर संपत नाही, हे माझ्या वर्गातलं कुठलंही पोर सांगेल. आपल्या भाषेत होकार की नकार ते शेवटी कळतं, तोवर थांबावं लागतं. साहेब थांबले नाहीत. इतकी माणसं तो कागद हातात धरून बसली होती, पण ‘असे म्हणजे कसे हो?’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मी तडक साहेबांच्या घरी गेले. आमच्यात करतात तसा सलाम केला आणि ग्रंथ मागितला. पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलेच शब्द होते: ‘मानणे मुळीच योग्य नाही.’ त्याखाली सविस्तर लिहिलं होतं, की करिंथमधले पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त व्हायचे आणि राबून उशिरा येणाऱ्या गरिबांना रिकामी ताटं बघावी लागायची. अयोग्य रीत ती. म्हणजे पौल तापला होता तो पहिल्या बाकावरच्यांवर. आमचे साहेब पहिल्या बाकावरच बसतात.

“झेरॉक्सला एकच पान दिलं होतं,” साहेब म्हणाले.

“पण वाक्य अर्धं होतं.”

“आशय तोच आहे, बाई. आणि लोकांनी जरा आत्मपरीक्षण केलं तर बिघडलं काय?”

काय बिघडलं ते मी सांगितलं. आईचं नाव काढल्यावर ते गप्प होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “आता त्यांनी मनाला लावून घेतलं, त्याला टीकाकार काय करणार?” माणूस इतका कोडगा असू शकतो हे मी शिक्षण खात्यातसुद्धा पाहिलेलं नाही.

घरी येऊन मी आईला दोन्ही पानं वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू घरात सांगतीस. त्येनी समद्यांम्होरं सांगितलं हाय.”

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, सूचनांच्या वेळी, मी पाळकांना विचारून उभी राहिले आणि ते वाक्य सगळ्यांसमोर अथपासून इतिपर्यंत वाचलं. ‘नाही’ जरा जोरातच वाचलं. साहेब वरच्या पंख्याकडे बघत होते.

भाकर आली. आईनं तुकडा घेतला. मग लहान प्याल्यांचं तबक घेऊन साहेब आले, ते काम त्यांचंच असतं. आईनं हात पुढे केला. बोटांना प्याला सापडेपर्यंत साहेबांना वाकून उभं राहावं लागलं. प्याला उचलताना थोडा द्राक्षरस त्यांच्या पांढऱ्या बाहीवर सांडला.

“माफी करा, सायब,” आई म्हणाली.

“असू दे, असू दे,” म्हणत साहेबांनी तिला क्षमा केली.